पुंडलिकराव भाडेकरू काढतात

पुंडलिकरावांनी भाडेकरू काढायचा जो बेत आखला होता, त्यात भाडेकरूशी एक शब्दही बोलायची गरज नव्हती. हीच त्या बेतातली करामत होती. वकिलाने नोटीस लिहायची, पोस्टाने ती पोचवायची, भाडेकरूने ती वाचून जागा सोडायची आणि पुंडलिकरावांनी तोवर आत पुस्तक वाचत बसायचं.

"कायद्याने सगळं गुपचूप होतं," ते इंदुताईंना म्हणाले. "आपल्याला तोंड उघडायचं कामच नाही."

इंदुताई मेथी निवडत होत्या. "तुमी तोंड उघडलं असतं तं ही पाळीच कायले आली असती?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुढची जुडी घेतली.

पाळी आली होती पुस्तकांमुळे. पुंडलिकराव दारव्ह्याच्या एका शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल होते. पगारातून, उधारीतून, क्वचित इंदुताईंच्या नकळत त्यांनी स्वतःची पुस्तकं जमवली होती. ती आता संत्र्याच्या बेचाळीस पेट्यांत, मधल्या खोलीत, छतापर्यंत चढली होती. त्या खोलीत सरळ शिरता येत नसे, सुरीसारखं आडवं घुसावं लागे. आणि आता मुलगा रजत बँकेतली बदली घेऊन बायकोसह दारव्ह्याला राहायला येणार होता. दिवाळी झाली की त्याला ती खोली हवी होती. इंदुताईंनी बाबुलाल रद्दीवाल्याला सांगूनच ठेवलं होतं. तो येऊन, कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालणाऱ्या व्यापाऱ्यासारखा, पेट्यांत हात घालून गेला होता.

"वझन चांगलं भरीन," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी पुंडलिकरावांना जेवण गेलं नाही.

पुस्तकं वाचवायची तर एकच जागा होती, समोरच्या दोन खोल्या. तिथे अठरा वर्षांपासून निजामुद्दीन राहत होता. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायची हा त्याचा धंदा. पुढच्या खोलीत मोटारी, मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको सुग्राबी. भाडं वेळेवर, भांडण शून्य. अशा माणसाला 'जा' म्हणायचं कसं? पुंडलिकराव तीनदा ठरवून गेले होते. पहिल्यांदा चहा पिऊन आले. दुसऱ्यांदा घरचा पंखा दुरुस्तीला देऊन आले. तिसऱ्यांदा ऐन वेळी काहीच सुचेना, तेव्हा निजामुद्दीनला दिवाळीच्या शुभेच्छा देऊन आले. तेव्हा आषाढ चालू होता.

म्हणून वकील. इंद्रजीत वकील त्यांचाच विद्यार्थी. "सर, अशी नोटीस ठोकतो का मानूस आठ दिवसांत सामान बांधीन," तो म्हणाला आणि लिहू लागला. "मालकाच्या मुलास राहण्यासाठी जागेची अत्यंत निकड आहे."

"पण निकड मुलाची नाही रे," पुंडलिकराव हळूच म्हणाले. "पुस्तकांची आहे."

"सर, कोर्टाले पुस्तकाचं सांगून जमत नाई. तिथं मानूस लागते."

नोटीस रजिस्टर पोस्टाने निघाली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पोचली ती थेट पुंडलिकरावांच्या हातात. निजामुद्दीन कुठल्याशा विहिरीतून मोटार काढायला गेला होता, सुग्राबी बाजारात होती. पोस्टमन अठरा वर्षं त्या घरचा कागद या घरी देत आलेला. "गुरुजी, करा सही," तो म्हणाला. पुंडलिकरावांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी आपलीच नोटीस स्वतः सही करून घेतली.

आता ती द्यायची कशी? तीन दिवस त्यांनी ती एका जाड पुस्तकात खूण म्हणून वापरली. चौथ्या दिवशी इंदुताईंनी हातात वाटी दिली. सुग्राबीने शिरा पाठवला होता, ती वाटी परत करायची होती. रिकामी वाटी शेजारी पाठवायची नाही, असा दोन्ही घरांचा नेम. इंदुताईंनी तीत शंकरपाळे भरले होते. पुंडलिकरावांनी दाराआड जाऊन शंकरपाळे काढले, तळाशी नोटीस घडी करून ठेवली, वर शंकरपाळे रचले, वाटी समोरच्या उंबऱ्यावर ठेवली आणि वयाला न शोभेल अशा वेगाने घरात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन ओट्यावर येऊन बसला. हातात तेलकट कागद.

"गुरुजी, हे आलं."

"हो."

"वाटीत आलं."

"हो."

"वकील लोकं आता फराळासंगं धाडून राह्यले का?"

पुंडलिकराव चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छ होता, तरी बराच वेळ पुसला.

"पंधरा दिवसांत जबाब द्या लागते म्हने," निजामुद्दीन म्हणाला. "तं लिहून द्या."

"मी?"

"मंग कोन? राशन कार्डाचा अर्ज कोनं लिहिला? मीटरचा? सुग्राबीच्या पेन्शनीचा? तुमच्या हातचा कागद पास होते गुरुजी. दुसऱ्याच्या हातचा वापस येते."

"अरे, पण नोटीस मीच दिली आहे."

"मालूम हाय. नाव हाय ना तुमचं. म्हनून तं तुमाले सगळ्यात जास्त माहीत."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. काल दिवसभर होता. मंग सुग्राबी म्हने, राग नंतर कर, पयले तारीख पाहा."

पुंडलिकरावांनी मनाशी ठरवलं की जबाब लिहायचा, पण कच्चा लिहायचा. अडचण अशी की अर्ज कच्चा लिहिणं त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. सतराव्या पेटीतून त्यांनी भाडे नियंत्रण कायद्याचं पुस्तक ओढून काढलं. एक पान वाचलं, मग दुसरं, मग डोळे चमकू लागले. मालकाची गरज खरी असावी लागते. जागा सोडल्याने भाडेकरूचेच जास्त हाल होणार असतील तर कोर्ट ते बघतं. करार लिहून नोंदवलेला नसेल तर भाडेकरूचं म्हणणं जड ठरतं.

"आपला करार नोंदवलेला आहे का रे?"

"आपला करारच कुठं हाय? तुमी म्हनले, राह्य. मी राह्यलो."

"वा," पुंडलिकराव म्हणाले आणि हा मुद्दा लिहून घेतला. "आणि हे बघ, मालकाला तुझं पाणीसुद्धा तोडता येत नाही."

"तुमच्या बोरची मोटार मीच भरतो, गुरुजी. तोडलं तं दोघायचंही तुटीन."

मग ते निकडीच्या मुद्द्यावर आले आणि पेन थांबलं. खरं काय ते जगात त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यांनी लिहिलं: 'मालकाच्या मुलासाठी घरात खोली आहे. मात्र ती पुस्तकांनी भरलेली आहे. मालकाची गरज माणूस ठेवण्याची नसून पुस्तकं ठेवण्याची आहे, आणि मालक कितीही जीव लावत असला तरी पुस्तकांना कायद्याने कुटुंबीय मानता येणार नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना आत कुठेतरी टोचलं. पण वाक्य चांगलं उतरलं होतं. ते खोडवेना.

निजामुद्दीनने सगळं ऐकून घेतलं. "बेस झालं. पन मालकावर थोडं जास्त नाई झालं?"

"होऊ दे," पुंडलिकराव म्हणाले. "त्याला कळायला पाहिजे."

आठवड्याने इंद्रजीतचा फोन आला. आवाज उतरलेला. "सर, पार्टीनं यवतमाळचा मोठा वकील लावला दिसते. घरातली एकूनएक गोष्ट त्याले माहीत. तुमच्या घरचं कोनी फुटलं का?"

"भाषा कशी वाटली?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"काय म्हनले?"

"म्हणजे, वाचताना... अडखळत नाही ना?"

"भाषा तं एक नंबर, सर. मी दोनदा वाचली."

पुंडलिकरावांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. चाळीस वर्षं ते मासिकांना कथा पाठवत होते, आणि त्या आपल्याच पत्त्याच्या पाकिटातून कबुतरासारख्या घरी परत येत होत्या. त्यांचं लिहिलेलं कोणी दोनदा वाचल्याची ही पहिलीच नोंद होती. त्यांचे कान लाल झाले. इंदुताईंना वाटलं, ताप आला.

त्यानंतर मात्र ताळतंत्र राहिला नाही. इंद्रजीतने दुसरी नोटीस पाठवली. ती घ्यायला पुंडलिकराव पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभे राहिले. "आज जरा वेळ काढून ये," त्यांनी निजामुद्दीनला सांगितलं. "तिसरा मुद्दा फारच पोकळ आहे." तिसऱ्या मुद्द्यात मालकाने वारंवार तोंडी सूचना दिल्याचं लिहिलं होतं. त्यावर जबाब गेला: 'सदर मालक तोंडी सूचना देण्याच्या स्वभावाचे नाहीत. ते तीनदा आले, परंतु एकदा चहा पिऊन, एकदा पंखा देऊन व एकदा शुभेच्छा देऊन गेले.' चौथा मुद्दा त्यांनी आपणहून वाढवला: भाडेकरूच्या लेखी परवानगीशिवाय मालकाला त्या खोल्यांत पाऊल टाकता येणार नाही. सातवा मुद्दा लिहून होईपर्यंत चहा तीनदा गार झाला.

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि इंद्रजीत स्वतःच घरी उगवला. ओट्यावर पाहतो तर सर मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहिताहेत आणि शेजारी विरुद्ध पार्टी शंकरपाळे खात बसली आहे.

"सर, हे इथं काहून?"

"जबाब लिहून घ्याले आलो," निजामुद्दीन म्हणाला. "तुमची तिसरी नोटीस आज भेटली."

इंद्रजीतने कागद ओढून घेतला. आजवर टाइप केलेलेच जबाब आले होते. पण ते अक्षर त्याने शाळेत वाचनालयाच्या कार्डावर सहा वर्षं पाहिलं होतं. तो खांब धरून खाली बसला.

"सर, तुमी दोनी बाजूनं लढून राह्यले?"

"छे," पुंडलिकराव ओशाळून म्हणाले. "नोटीस तर तूच लिहितोस. मी एकाच बाजूने लढतो."

आवाज ऐकून इंदुताई बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्हंजे आपल्याच घरातून आपनच हारलो."

"तसं नाही. जिंकलो ते पण..."

"बाबुलालले सांगते, उद्या ठेला घेऊन ये."

यावर पुंडलिकरावांकडे मुद्दा नव्हता. ते उठले, मधल्या खोलीत आडवे घुसले आणि पेट्यांमध्ये जाऊन उभे राहिले. बाहेर निजामुद्दीनने हातातला शंकरपाळा बशीत परत ठेवला.

कप न्यायला आलेली सुग्राबी दारात थांबली होती. "भाभी, झगडा काय किताबांचा हाय? आदमीचा नाई?"

"पुस्तकायचाच हाय बाई सगळा."

"तो इतने कागद कायले? आमच्या पुढच्या खोलीत मोटारा जमिनीवर राहतात. भिंती वरपर्यंत रिकाम्या हायत. फळ्या ठोका, अन् ठेवा ना तिथं."

इंदुताईंनी निजामुद्दीनकडे पाहिलं. "तुमाले चालते?"

"न चालाले काय झालं? पयल्या दिवशीच हो म्हनलो असतो," निजामुद्दीन म्हणाला. "कोनं विचारलंच नाई."

मधल्या खोलीतून एक पेटी सरकल्याचा आवाज आला.

दोन दिवसांत बेचाळीस पेट्या अंगण ओलांडून गेल्या. निजामुद्दीनने मोटारी उचलायची साखळी लावली, इंदुताईंनी मोजणी केली, सुग्राबीने प्रत्येक पुस्तक झटकलं आणि पुंडलिकराव मध्ये मध्ये आले. मग इंद्रजीतने आठवण करून दिली की दुसऱ्या जबाबातल्या चौथ्या मुद्द्याप्रमाणे सरांना आता स्वतःच्या पुस्तकांकडे जायलाही लेखी परवानगी लागेल. मुद्दा इतका पक्का बांधला होता की त्यात त्यालाही फट सापडली नव्हती. तेव्हा करार करणं भाग होतं. भाडेकरू निजामुद्दीन यांनी पुंडलिकरावांच्या पुस्तकांना जागा दिली, मुदत अकरा महिने.

"अन् अकरा महिन्यानं?" निजामुद्दीनने विचारलं.

"नवा करार. नाईतं तुमी सरांले नोटीस द्याची, का पुस्तकं उचला म्हनून."

निजामुद्दीनने डोकं खाजवलं आणि गुरुजींकडे वळला. "मले नोटीस कुठं लिहाले येते? तुमीच लिहून द्याल ना?"

"देईन की," पुंडलिकराव म्हणाले.

नाही म्हणणं त्यांना जमलं नसतंच. पण खरं सांगायचं तर नोटिशीचं पहिलं वाक्य त्यांना तिथेच सुचलं होतं. त्यावरचा आपला जबाबही त्यांनी मनात रचून पाहिला. त्यात काही दम नव्हता.