विषयाचं मीठ

"आई, प्लीज, इट्स जस्ट अ कोअर कोर्स! यादीतला कुठलाही एक घ्यायचा असतो." कॉलेजच्या दारातच समिधा कळवळली. "मी फिल्मचा घेते ना. दियानेपण तोच घेतलाय."

"दियाचं दियाची आई बघेल. विषय भरायला बारापर्यंत वेळ आहे ना? मग मी आधी मीठ बघणार."

मीनाक्षी इथे आखातात, करामा वस्तीत जेवणाचे डबे करायची. पातेल्यात चमचा बुडवल्याशिवाय तिची आमटी कधी घराबाहेर पडली नव्हती, तर पोरीचं कॉलेजचं पहिलं वर्ष कसं पडेल? पालकांना आज वर्गात बसायची मुभा आहे, एवढं कळायचा अवकाश, डबे नवऱ्याच्या गळ्यात घालून ती निघाली होती. विषय असा हवा, की पोरीचा चांगला घाम निघाला पाहिजे.

फिल्मच्या वर्गात अंधार, गारेगार एसी, आणि मागच्या रांगेत एक मुलगा चक्क घोरत होता. बाद! संख्याशास्त्राच्या वर्गात सगळे मान खाली घालून फळा उतरवून घेत होते. मीनाक्षी खूश. 'हाच घे' म्हणून सांगायला ती वळली, तर शेजारच्या खोलीत चारच मुलं दिसली. फळा कोरा. दारावर विषय लिहिलेला : चांगलं वागणं म्हणजे काय?

हा कसला विषय? हे तर आम्ही पोळ्या लाटता लाटता बोलतो! तरी चारच मुलं का, हे बघितल्याशिवाय काही तिला राहवेना. फोनचा आवाज बंद करून ती जरा टेकली.

"आप बताइए, आंटी," वर्ग घेणाऱ्या हुमेरा मॅडम म्हणाल्या.

"किसी का मन दुखाने का नहीं. खलास!"

"तो फीकी दाल को भी अच्छा कहें?"

"कहने का ना! मैं खुद डिब्बे बनाती. बनानेवाली ने इतना मेहनत किया."

"फिर लोग आपकी दाल को अच्छा कहते हैं, वो..." मॅडम वाक्य अर्धवट सोडून गोड हसल्या.

मीनाक्षीचा चेहरा उतरला. मग ती अशी भांडायला लागली, की मुलंही त्यात पडली, आणि तास कधी संपला ते कोणालाच कळलं नाही.

बाहेर समिधा लॅपटॉप मांडीवर घेऊन रडवेली बसली होती. "कुठे गायब झालीस? फोन का नाही उचललास? ओटीपी तुझ्या नंबरवर येतो! बारा वाजले. आता सिस्टिमने उरलेला दिलाय."

"उरलेला कुठला?"

समिधाने आईमागच्या दाराकडे बोट दाखवलं. "नोबडी टेक्स इट, आई. त्या मॅडम कुणाला ए ग्रेड देतच नाहीत."

मीनाक्षीचं लक्षच नव्हतं. ती तिच्याकडून रोज डबा घेणाऱ्या सुदेशला घाईघाईने फोन लावत होती.

"सुदेश, खरं सांग हं. माझी आमटी कशी असते?"

स्पीकरवर रस्त्यातला एक हॉर्न वाजला. "का हो काकू? चांगली असते की."

"चांगली म्हणजे काय?"

समिधाने डोळे पुसले, लॅपटॉप मिटला आणि सुदेश काय म्हणतो ते ऐकायला आईला चिकटून बसली.