मास्तरांचा पाय

जुनी गाडी शर्यतीच्या ट्रॅकसाठी तयार करणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! क्लबच्या सभासदांसमोर छाती काढून मी हे वाक्य टाकलं, तेव्हा बायको शेजारीच उभी होती. तिनं फक्त भुवया वर केल्या. लग्न झालेल्या वाचकांना त्याचा अर्थ सांगायला नको.

गाडी बाबांची. बाबा म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी याच गाडीवर क्लच सोडायला शिकवलं, त्यात मी आलो आणि माझी बायकोही आली. पुढं बाबा निवृत्त झाले, गाडीही झाली, आणि दोघं पोर्चमध्ये एकमेकांकडे बघत बसायची. मग मी हौशी मंडळींच्या कार क्लबात शिरलो आणि गाडीचं नशीबच फिरलं! मागची सीट काढली, गालिचे काढले, छतावरची शिकाऊ गाडीची पाटी उतरवली. रुंद टायर घातले, मागे भला मोठा पंख बसवला. बाजूच्या सीटपुढचा मास्तरांचा जादा ब्रेक तेवढा राहिला, कारण त्याचा बोल्ट गंजून दगड झाला होता. सुटे झालेले भाग हळूहळू घरात पसरले. शेवटी एक दिवस बायकोला उशीखाली स्पार्क प्लग सापडला.

"बास!" ती म्हणाली. "क्लबच्या ट्रॅक डेच्या चाचणीत ही गाडी पास झाली तर राहील. नाही झाली तर सोमवारी भंगारवाला!"

"मान्य!" मी म्हणालो. मागं हटेन तो मी कसला!

दुसऱ्या दिवसापासून बाबा रोज सकाळी गाडी पुसायला लागले. पुसता पुसता मध्येच थांबायचे आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे.

ट्रॅक डे उजाडला. हेल्मेट, पट्टा, टायर, सगळ्या तपासण्यांत गाडी झकास पास झाली. आता उरली पात्रता फेरी. तीन वेळा संधी, त्यात एकदा तरी ठरलेल्या वेळेच्या आत फेरी पुरी करायची.

"नवख्याच्या शेजारी जाणता चालक बसायला हवा," क्लबच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "कोण बसतंय?"

"मी!" बाबा ओरडले. त्यांनी हेल्मेट आधीच घातलं होतं.

पहिली फेरी. गाडी अशी सुटली म्हणता! पण सरळ रस्त्यावर इंजिन जरा रंगात आलं की गाडी आपली हळू व्हायची. मी ॲक्सिलरेटर दाबतोय, गाडी मात्र रुसलेल्या जावयासारखी पुढं यायला तयार नाही. मागून क्लबातला एक दंतवैद्य आला आणि मला हात दाखवून पुढं निघून गेला. वेळ हुकली.

"इंजिन धाप टाकतंय," मी खाली उतरून जाहीर केलं.

"इंजिन कसलं?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "सरळ रस्त्यावर ब्रेक मारताय तुम्ही! मागचे लाल दिवे सगळ्यांना दिसले. इतकं घाबरायचं नाही."

"मी? घाबरलो? अहो, मी ब्रेकला शिवलोसुद्धा नाही!"

"सगळे पहिल्यांदा असंच म्हणतात," त्या समजुतीनं म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

मेकॅनिकनं प्लग बदलले, फिल्टर फुंकला, दिव्यांच्या वायरी हलवून पाहिल्या. "आता पळेल, साहेब," म्हणाला. कसली पळतेय! दुसऱ्या फेरीत तर ती भर वळणावर कण्हायलाच लागली. ब्रेक तापून चाकांतून धूर निघाला. तो पाहून ट्रॅकवरचा सुरक्षारक्षक आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला आणि मी "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत त्यानं गाडीवर पांढऱ्या पावडरीचा फवारा मारला. आम्ही परतलो तेव्हा गाडी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती.

आता एकच संधी उरली. बाबा पट्टा बांधून गाडीतच बसून राहिले होते. मी हातवारे करून बायकोला सगळं सांगत होतो.

"हे बघ, इथून मी असा सुसाट निघतो, पुढं वळण येतं..."

"थांब," गाडीच्या मागे उभी असलेली बायको म्हणाली. "परत सांग."

"पुढं वळण येतं..."

"तू वळण म्हणालास की लाल दिवा लागतोय!"

आम्ही दोघांनी खिडकीतून आत डोकावलं. बंद गाडीत बाबा माझं बोलणं मन लावून ऐकत होते आणि त्यांच्या पायानं मास्तरांचा ब्रेक तळापर्यंत दाबला होता!

"बाबा! पाय!"

बाबांनी खाली पाहिलं. "अरेच्चा!" म्हणत त्यांनी पाय उचलला. "शपथेवर सांगतो, मला कळलंच नाही रे. तो आपोआप जातो." मग त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "म्हणजे माझ्याच पायानं मी गाडी भंगारात घातली."

"बाबा, तुम्ही राहू द्या, मी शेजारी दुसरं कुणीतरी..." एवढं म्हणालो आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला.

बायकोनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्यापुढं हात पसरला. "चावी दे."

"तू चालवणार?"

"पास गाडी व्हायचीये. चालक कुणीही चालेल ना?" तिनं सेक्रेटरीबाईंना विचारलं. त्यांनी मान डोलावली. "मास्तर, तुम्ही उठू नका," ती बाबांना म्हणाली. ती अजून त्यांना मास्तरच म्हणते.

ती दोघं गेली. मी कठड्याला घट्ट धरून फक्त मागचे दिवे बघत होतो. सरळ रस्ता आला, दिवे बंद! वळण आलं, नेमके एकदा लागून विझले. गाडी पावडर उधळत माझ्यासमोरून गेली आणि दंतवैद्यालाही मागं टाकून वेळेच्या आत परत आली! मी लहान मुलासारखा उड्या मारत होतो. बाबा उतरले तेव्हा हसत होते आणि डोळेही पुसत होते.

"बाबा, तिच्या वेळी पाय कुठं ठेवला होतात?" मी विचारलं.

"होता तिथंच."

"मग दाबला कसा नाही?"

"मी कुठं दाबतो?" बाबा शांतपणे म्हणाले. "इतक्या वर्षांत आता पायालाच कळतं, कोण चालवतंय ते."

मी मुकाट्यानं फडकं घेतलं आणि गाडीवरची पावडर पुसायला लागलो.