सतरा नंबरचा पंखा आणि तेवीस सल्लागार

लालबागच्या नवरत्न चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक सतरामधला छताचा पंखा मे महिन्याच्या नऊ तारखेला मंदावला. बंद पडला नाही. बंद पडण्यात निदान काही ठामपणा असतो. तो फिरत होता, पण असा, की एक माशी पात्यावर बसून खोलीला निवांत प्रदक्षिणा घालायची आणि दोन फेऱ्यांत कंटाळून सरळ उडून जायची, कारण तिला त्यापेक्षा लवकर पोचायचं असायचं.

बाब गंभीर होती, कारण त्या पंख्याखाली राजाराम घाडी झोपत. राजाराम एका गोदामाच्या गेटवर रात्रपाळीला होते. सकाळी आठला घरी, नऊला आडवे, चारला उठायचे. मे महिन्यात बारा वाजले की सतरा नंबरच्या भिंती इस्त्रीसारख्या तापत. अशा खोलीत वारा नसेल तर माणूस झोपत नाही, नुसता शिजतो. राजाराम तीन दिवस शिजले. चौथ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी मालकाच्या गाडीला सलाम ठोकला आणि हात कपाळाला असतानाच त्यांना झोप लागली. गाडी आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली; सलाम कायम. त्याच दिवशी मेमो हातात पडला : ‘सलामीच्या अवस्थेत निद्रिस्त आढळल्याबद्दल.’ अजून एक मेमो, की कायमचं घरी.

त्यांची मुलगी अक्षदा यंदा दहावीत जाणार होती आणि तिला पंख्याचं दुखणं पहिल्याच दिवशी कळलं होतं. शाळेतल्या सुट्टीच्या शिबिरात खोताच्या वाडीतल्या नॉर्मन अंकलनी पोरांना टेस्टर धरायला, वायर सोलायला नि कथिलाचा डाग द्यायला शिकवलं होतं. त्या जोरावर तिने बिस्किटाचा डबा उघडला की वाजणारी बेल बनवली होती आणि स्वतःच तीनदा पकडली गेली होती.

“कंडेन्सर गेलाय,” ती आईला म्हणाली. “वरच्या वाटीत एक छोटं काळं डबडं असतं ना, ते. नवीन टाकायचं. दहा मिनिटांचं काम.”

अडचण एवढीच, की चाळीचं छत उंच. वर पोचायला शिडी हवी, आणि शिडी चाळीची सामाईक; जिन्याखालच्या खोलीत कुलपात. ती दोनदा मागावी लागू नये म्हणून कंडेन्सर आधीच आणून ठेवलेला बरा. पण किती मायक्रोफॅरडचा? अडीचचा, की सव्वातीनचा? नॉर्मन अंकलना एक फोन केला असता तर प्रश्न मिटला असता. पण नवरत्न चाळीत खिळा ठोकायचा असला तरी आधी शेजाऱ्यांना विचारतात. बाहेरच्याला आधी विचारलं, की ‘आम्ही काय मेलो होतो?’ हे वर्षभर ऐकावं लागतं. म्हणून अक्षदाने ‘नवरत्न परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : “आमचा पंखा स्लो झालाय. कंडेन्सर कितीचा टाकू?”

तासाभरात त्रेचाळीस उत्तरं आली. कंडेन्सरचा आकडा एकातही नव्हता.

हितेंद्रकाकांनी लिहिलं, पंखा विकून टाका, हल्ली सगळे एसी घेतात. सुचित्रामावशींनी पंख्याला खोबरेल तेल लावायला सांगितलं आणि उरलं तर केसांना. एकाने पंख्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे असं विचारलं. एकाने गुलाबाचं फूल पाठवून शुभ सकाळ केली. तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. चौघांनी ‘तू मुलगी आहेस, शॉक लागेल’ असं कळवलं, जणू वीज आधी कोण आहे ते विचारून मग धक्का देते. शेवटी रघुवीरकाका टाइप करू लागले. ते पस्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत काढून निवृत्त झाले होते, आणि ते टाइप करत असताना ग्रुपवर कुणी बोलत नसे. अकरा मिनिटांनी त्यांचा मजकूर उमटला : “विषय धोरणात्मक आहे. बैठक घ्यावी.”

बैठक त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत झाली. अक्षदा कोपऱ्यात उभी होती.

“काका, शिडी तेवढी द्या ना. दहा मिनिटांत परत आणते.”

“दहा मिनिटांत?” रघुवीरकाकांनी चष्मा काढला. “बाळ, दहा मिनिटांत झालेलं काम म्हणजे काम नव्हे, ती घाई. उद्या हिचा पंखा, परवा त्याचा मिक्सर. प्रत्येक जण आपापलं दुरुस्त करत सुटला तर चाळीने करायचं काय?”

या प्रश्नाने सभा अंतर्मुख झाली. आणि लालबागमध्ये चार माणसं अंतर्मुख झाली की मंडळ स्थापन होतं. ‘नवरत्न गृहोपयोगी विद्युत उपकरण दुरुस्ती मार्गदर्शक मंडळ’ जागच्या जागी जन्माला आलं. अध्यक्ष रघुवीरकाका. कार्याध्यक्ष हितेंद्रकाका. महिला आघाडी सुचित्रामावशी. उपाध्यक्ष सात, आणि तरीही ज्यांची तोंडं वाकडी होती ते सल्लागार. असे तेवीस निघाले. पदाधिकारी सगळे झाले. साधा सदस्य व्हायला कुणी उरला नाही. अक्षदाची नेमणूक ‘निमंत्रित’ म्हणून झाली, म्हणजे तिला यायला परवानगी होती, बोलायला नव्हती.

“आणि शिडी?” तरी तिने विचारलंच.

“अर्ज कर.”

अर्जाचा नमुना दुसऱ्या दिवशी तयार झाला. पंख्याचं नाव. पंख्याचं वय. यापूर्वी कधी दुरुस्त झाला होता काय. असल्यास लाज वाटली नाही काय, असं शेवटचं वाक्य नव्हतं, पण सूर तोच होता. सोबत दोन ना-हरकत पत्रं : एक वरच्या खोलीचं, कारण पंखा त्यांच्या जमिनीला लटकतो, एक खालच्या खोलीचं, कारण तो पडलाच तर त्यांच्या दिशेने पडणार.

“मेल्यांनो!” अक्षदाची आई अंबिका अर्ज वाचून मालवणीत कडाडली. “पंखो फिरणा नाय, नि मंडळ गरागरा फिरता!”

वरच्यांनी ना-हरकत दिली. खालचे गावाला गेले होते. ते येईपर्यंत पाहणी उरकावी असं ठरलं. बुधवारी भर दुपारी एक वाजता अकरा जणांची पाहणी समिती सतरा नंबरमध्ये शिरली. राजाराम ओला पंचा अंगावर घेऊन नुकते कुठे पेंगले होते. त्यांना कॉटच्या कडेला सरकवून पाच जण कॉटवर बसले, उरलेले जमिनीवर, आणि सगळे वर बघू लागले.

“फिरतोय,” पहिला सल्लागार म्हणाला.

“हळू फिरतोय,” दुसऱ्याने दुरुस्ती सुचवली. ती मंजूर झाली.

“हवा लागत नाही,” सुचित्रामावशी पदराने वारा घेत म्हणाल्या. “अगो अंबिका, कसं राहता तुम्ही हितं? जीव घाबरतोय माझा.”

समितीचा जीव घाबरू नये म्हणून हितेंद्रकाकांच्या घरून टेबलफॅन आणण्यात आला. तो समितीकडे तोंड करून ठेवला. त्याच्या वाऱ्यात दीड तास चर्चा झाली, दोनदा चहा झाला, आणि पंखा मंद असल्याचा अहवाल एकमताने तयार झाला. मग सगळे उठले आणि जाताना टेबलफॅन घेऊन गेले.

“काका, तो राहू दे ना पप्पांना!” अक्षदा मागे धावली.

“बाळ, तो समितीचा आहे,” हितेंद्रकाका हळहळून म्हणाले. “लाभार्थ्याने वापरला तर चुकीचा पायंडा पडेल.”

 राजाराम डोळे उघडे ठेवून घोरत होते.

गुरुवारी चाळीच्या दारावर फ्लेक्स लागला : ‘सतरा नंबरच्या पंख्याच्या दुरुस्तीस हार्दिक शुभेच्छा!’ त्यावर चौतीस फोटो होते. पंख्याच्या फोटोला जागा उरली नव्हती. खाली लिहिलं होतं, की रविवारी सकाळी अकरा वाजता भावी नगरसेवक दौलतभाऊ यांच्या शुभहस्ते दुरुस्तीचा शुभारंभ. दौलतभाऊ गेली बारा वर्षं भावी होते आणि त्या पदावर त्यांची चांगली पकड होती.

त्या दिवशी घरी येताना राजाराम जिन्यातच झोपले. पायरीवर बसून नव्हे. चढता चढता, एक पाय वर. अक्षदाने त्यांना हाताला धरून वर आणलं, आणि तिच्या डोक्यात खट्कन दिवा लागला. तिने नॉर्मन अंकलना फोन केला.

“कमिटी?” नॉर्मन अंकल ओरडले. “फॅनला कमिटी? अगं पोरी, अडीचचा टाक आणि मोकळी हो! ऐक. आधी मेन स्विच बंद. नुसतं बटण नाय, मेन! मग कंडेन्सरची दोन टोकं स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकव, दांडा प्लास्टिकचा हवा हां. मेलेला कंडेन्सर पण चावतो.”

“पण शिडी नाहीये, अंकल.”

“टेबल आहे? स्टूल आहे? आई आहे?”

तिन्ही होती. शुक्रवारी सकाळी अक्षदाने लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून अडीचचा कंडेन्सर आणला. मेन स्विच बंद केला. कॉटवर टेबल, टेबलावर स्टूल, स्टूलावर अक्षदा, आणि तिचे दोन्ही पाय छातीशी घट्ट धरून अंबिका, तोंडाने सगळ्या ग्रामदेवतांना एकेक नारळ कबूल करत. राजाराम खाली जमिनीवर चटई टाकून पडले होते. वाटी खाली सरकली. टोकं टेकवली. जुनं डबडं निघालं, नवं बसलं, काळी चिकटपट्टी गुंडाळली, वाटी वर गेली.

सात मिनिटं. तीन मिनिटं उरली, ती मायलेकींनी एकमेकींकडे बघून हसण्यात घालवली.

मेन चालू. बटण दाबलं. आणि काय तो वारा! कॅलेंडर भिंतीवर फडफडलं, वर्तमानपत्र उडून मोरीत गेलं, अंबिकाचा पदर अक्षदाच्या तोंडावर आला, आणि राजाराम इतक्या जोरात घोरू लागले की बाहेर कठड्यावरचं कबुतर उडालं. ते चारला उठले, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, कामावर गेले, आणि शनिवारी सकाळी मालकाच्या गाडीला त्यांनी डोळे टक्क उघडे ठेवून असा सलाम ठोकला, की मालकाने काच खाली करून विचारलं, “नवीन आहेस का?”

शनिवारी संध्याकाळी रघुवीरकाका सोहळ्याची तयारी बघायला सतरा नंबरच्या दारात आले आणि त्यांचे केस उडाले.

“हे काय?”

“पंखा, काका.”

“तो फिरतोय!”

“हो ना!” अक्षदाला हसू आवरेना.

“कुणाच्या परवानगीने?”

तातडीची सभा झाली. दुरुस्ती अनधिकृत ठरली. फ्लेक्स लागला होता, दौलतभाऊंनी वेळ दिली होती. पंखा सुधारला असेल तर भाऊंनी शुभारंभ कसला करायचा? ठराव झाला, की पंखा सोहळ्यापुरता पूर्ववत नादुरुस्त करून ठेवावा. हितेंद्रकाका ठराव घेऊन वर आले.

“काढा की कंडेन्सर,” अक्षदा म्हणाली. कंबरेवर हात होते. “वर चढायला शिडी लागेल. अर्ज करा. वरच्यांचं ना-हरकत घ्या, खालच्यांचं घ्या. खालचे अजून गावाला आहेत. पाहणी समितीला कळवते, बुधवारी येतील.”

हितेंद्रकाकांनी ठराव पुन्हा वाचून पाहिला. पण नियम मंडळाचाच होता आणि तो मोडायला पुन्हा बैठक लागली असती.

तेव्हा सोहळा चालू पंख्यावरच झाला. रविवारी अकराला दौलतभाऊ आले, मागे सत्तर माणसं. पंख्याखाली राजाराम गाढ झोपलेले. अक्षदा दारात आडवी.

“पप्पा झोपलेत. जे काय करायचं ते हळू करा.”

भावी नगरसेवकाने आजवर काहीही हळू केलं नव्हतं, पण झोपलेल्या मतदाराला उठवायची हिंमत कुणाची होईना. मग काय! माइक बंद ठेवून त्यात कुजबुजत भाषणं झाली. ‘दौलतभाऊ आगे बढो’ ही घोषणा सत्तर जणांनी ओठांतल्या ओठांत दिली. टाळ्या दोन बोटांनी वाजवल्या. नारळ फोडायचा म्हणून उशीवर आपटला. तो अर्थातच फुटला नाही. हे काम मंडळाच्या अचूक मार्गदर्शनामुळे तडीस गेल्याचं रघुवीरकाकांनी कानगोष्ट केल्यासारखं जाहीर केलं, आणि तेवीसही सल्लागारांची नावं एकेक करून कुजबुजायला घेतली. अकराव्या नावाला सुचित्रामावशींनी जांभई दिली. सोळाव्याला हितेंद्रकाका भिंतीला टेकले. वारा असा सुंदर होता, की विसाव्या नावाला खुद्द रघुवीरकाकांचेच डोळे मिटले. दौलतभाऊ कॉटच्या पायथ्याशी, समिती एकमेकांच्या खांद्यावर, महिला आघाडी पातेल्यांच्या फळीखाली. सगळं मंडळ झोपलं. नवरत्न चाळीत तेवीस सल्लागार असूनही कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. अक्षदा उंबऱ्यावर बसून ती शांतता ऐकत होती.

जागे आहात ते फक्त तुम्ही. आणि शेजारच्या चाळीतून शिडी आणता आली असती, पहिल्याच दिवशी सरळ इलेक्ट्रिशियन बोलवायचा, स्टूलावर चढणं किती धोक्याचं, आणि अडीचचा कशाला, आमच्याकडे तर सव्वातीनचा आहे, हे केव्हापासून तुमच्या जिभेच्या टोकावर आहे. पंखा भन्नाट फिरतोय, तरीसुद्धा. आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. चोविसावे सल्लागार म्हणून आपली बिनविरोध निवड झाली असून, फोटो त्वरित पाठवावा. गॉगल घातलेला चालेल.