चिवड्याचे पत्राखाली बदलीचा अर्ज गेला त्याची हकीकत

॥ श्रीलेखणी सुप्रसन्न ॥ शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, फाल्गुन मास. ते समयी राज्यात ईमेल नामे टपाल चालत असे आणि पत्राचे माथी विषय लिहावयाची जागा असे; परंतु तो लिहावयाचा आळस बहुत. नवे पत्र कोणी काढीना, जुनेच उकरून त्याखाली उत्तर टाकावे, ऐसी चाल पडली होती.

सरहद्दीचे ठाण्यावर हैबतराव घोलप कारकून तीन वर्षे एकटे राहिले होते, आणि गावी लेक त्यांस "फोनातले बाबा" म्हणू लागली होती. ऐशात गावचे ठाण्यात जागा रिकामी जाहली, अर्जास मुदत अमावास्येची, हे कळताच हैबतरावांनी काळीज ओतून मजकूर लिहिला, आणि मग चालीप्रमाणे चिटणिसांचे जुने पत्राखाली डकवून रवाना केला. त्या पत्राचा विषय, "दिवाळीचे चिवड्यात मीठ अधिक". हैबतरावांनी माथा पाहिलाच नाही!

इकडे विसोपंत चिटणीस यांस रोजची दोनशे पत्रे. "अजून चिवडा संपला नाही काय?" म्हणोन त्यांनी हैबतरावांचे पत्र न उघडताच मुदपाकखान्याकडे लोटिले. तेथील मुख्य द्वारकाबाई यांनी बोलणी खावयाचे तयारीने उघडिले, आणि वाचता वाचता डोळे पुसू लागल्या, आणि मग हातातील झाऱ्यासकट चिटणिशीत शिरल्या.

"पंत, अहो यात चिवडा कुठंय? लेकीसाठी झुरणारा बाप आहे यात! आणि मुदत आज संपतेय!"

पंत ओशाळले. "चुकलं बाई. पण हा माथा पाहून सरकारही उघडायचे नाहीत."

"मग नवं पत्र काढा, मी सांगते तसं लिहा." आणि बाईंनी विषय सांगितला, "हैबतराव घोलप, गावी बदलीचा अर्ज, मंजुरी आजच हवी". सरकारांनी चहा निवावयाचे आत मंजुरी दिली, आणि हुकूम फिरविला की नवे कामास नवे पत्र काढावे, माथा वाचताच काम कळावे, आणि उशीचे खोळीसारख्या किरकोळ कामाकरिता "अतितातडीचे" लिहील त्याचा चहा आठ दिवस बंद.

हैबतरावांचा आनंद पोटात मावेना. त्यांनी तत्काळ घरी पत्र लिहिले. विषय, "शनिवारी सकाळी येतो, परत जाणार नाही". खाली चार पाने मजकूर. शनिवारी पोहोचले तो लेक धावत येऊन कडेवर चढली. मग हैबतरावांनी पुसिले, "पत्र कसं वाटलं?"

त्यांच्या पत्नी गोदूबाई म्हणाल्या, "वरची ओळ वाचली आणि पुरणाला डाळ शिजत घातली. आतलं उघडायला सवड कुणाला होती? आता तुम्हीच सांगा."

एवंच, एका ओळीने काम फत्ते जाहले, आणि चार पाने हैबतराव अद्याप सांगत आहेत. इतके लिहून लेखणी खाली ठेविली.