हवेतल्या पोरीला सूचना

आमच्या गल्लीतली उघडी गटार मी कित्येक वर्षं ओलांडत होते. भाजीची पिशवी घेऊन, छत्री घेऊन, फोनवर बोलत. समोरच्या घरात पाटील सर राहायला आले आणि त्याच आठवड्यात मी गटारीत पडले. पाऊल उचललं होतं, तेवढ्यात त्यांच्या ओट्यावरून आवाज आला, "मॅडम, डावा गुडघा वर. नजर समोर. कोपर आत." कोणतं कोपर, असा विचार करेपर्यंत उशीर झाला होता. सर धावत आले, हात दिला आणि म्हणाले, "बघा, नजर खाली गेली."

पाटील सर एरंडोलच्या आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक, मी विज्ञानाची. माझ्या माहेरी कॉलेजात गेलेली मी पहिली. ते शिक्षण वाया घालवायचं नाही म्हणून स्पष्ट सांगते: या माणसाने उड्या शिकवल्या थोड्या, बिघडवल्या जास्त. पुण्याला कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून त्यांना माणूस दिसायचाच बंद झाला. दिसतात ते गुडघे, घोटे, खांदे. एसटीतून उतरणाऱ्या म्हातारीलाही ते "भार दोन्ही पायांवर सारखा, अक्का" म्हणतात. अक्का घाबरून पुन्हा गाडीत चढते.

"सांगितल्याशिवाय शरीराला कळत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. लांब उडीच्या खड्ड्याशी उभं राहून ते पोरं हवेत असताना सूचना देतात. पोरगं हवेत असतं किती वेळ? सरांचं सांगून संपतं तेव्हा ते वाळू झटकून घरी निघालेलं असतं. एकदा ते "नितंब पुढे" असं ओरडले, तर रांगेतली सगळी मुलं हसत खाली बसली. त्या दिवशीचा सराव तिथेच संपला.

मी एकदा विचारलं, "सर, उडताना एवढं सगळं आठवणार कसं?"

"मॅडम, तुमचं विज्ञान वेगळं, आमचं शास्त्र वेगळं."

याच शास्त्राच्या तावडीत दीपाली सापडली. जवळच्या खेड्यातली, नववीतली. तिला शोधलं मात्र सरांनीच, हे मान्य करावं लागेल. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन शेताच्या पाण्याची पाटचारी एका उडीत ओलांडताना त्यांनी तिला पाहिलं, मोटारसायकल तिथेच टाकली, तिच्या घरी गेले आणि बापाचा होकार घेऊनच उठले. मग तिला रोज इतकं सांगितलं, की उडी वितीवितीने कमी होत गेली. पोर सुसाट यायची आणि जिथून उडी घ्यायची त्या पट्टीजवळ आली की कपाळाला आठी घालून पावलं मोजू लागायची.

एक दिवस बाप मैदानावर आला. थोडा वेळ बघून म्हणाला, "सर, पोर पाटचारी वलांडस, तवय तिले कोन सांगस?"

"म्हणूनच तिचं कोपर बाहेर जातं, भाऊ," सर म्हणाले.

जळगावला निवड चाचणी होती. निवड झाली तर सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा. राहणं, जेवण, शाळा, सराव, सगळं तिथेच. नाही झाली तर खेळ बंद आणि घरचा कापूस वेचायचा. बापाने मुदत तेवढीच दिली होती. मुलींसोबत बाई हवी म्हणून शाळेने मला पाठवलं.

प्रत्येकीला तीन उड्या. पहिल्या उडीला सरांनी दोरीपलीकडून सुरुवात केली, "खांदे सैल, कोपर आत, गुडघा..." लाल झेंडा. पाय पट्टीपुढे पडला होता. दुसऱ्या वेळी सरांनी आवाज वाढवला. ती उडी एवढी तोकडी, की आमच्या गटारीलाही पुरली नसती.

दीपाली सरळ सरांपाशी आली. रडत नव्हती, वैतागली होती. "सर, मी उडी मारू का तुमनं आयकू?"

मला वाटलं, आता शिस्तीवर व्याख्यान.  सरांनी खिशातून रुमाल काढला, त्याचा बोळा केला, खरोखर दातांत धरला आणि खड्ड्याकडे पाठ करून उभे राहिले. ती धावत सुटली तशी त्यांची कोपरं आपोआप हलायला लागली. पट्टीवर पाय आपटल्याचा आवाज आला. खड्ड्याजवळ बसलेली माणसं उठून उभी राहिली. पांढरा झेंडा वर गेला. सरांनी तिची ती उडी पाहिलीच नाही.

निवड झाली. वसतिगृहाचा तरुण प्रशिक्षक सरांना शोधत आला. "सर, पुढच्या महिन्यापासून ती आमच्याकडे. तुम्ही तिला काय काय सांगता? तेच पुढे चालू ठेवतो."

मी घड्याळ पाहिलं. एरंडोलची गाडी आता चुकणारच.

सरांनी रुमालाची घडी घातली. "काही सांगू नका," ते म्हणाले. "तिला उडता येतं. फक्त संध्याकाळी विचारत जा, जेवली का म्हणून. भूक लागली तरी ती आपणहून सांगत नाही."

दीपाली पलीकडे अनवाणीच बापाला फोन लावत होती. सर तिच्या बुटांपाशी खाली बसले आणि त्यांतली वाळू झटकू लागले. बूट केव्हाच रिकामे झाले होते.