हुबेहूब सशासारखी वडी

एका जंगलात, पोरांनो, एक खातं होतं. हसू नका. वाघ, ससे, ओढा हे सगळं आधीपासूनच होतं. खातं नंतर आलं.

त्याचं असं झालं. वाघ म्हातारा होत चालला. ससा दिसला की धावायचा, ससा झुडपात शिरला की बाहेर धापा टाकत बसायचा. पंधरा दिवसांत एखादा ससा हाती लागला तर लागला. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, की महाराज, मांसाला पर्याय काढा. बाकीच्या जंगलांनी काढलाय. त्याला म्हणे धोरण म्हणतात.

वाघाला धोरण आवडलं. धोरणाला धावावं लागत नाही.

दवंडी पिटली. जो कोणी मांसासारखं लागणारं, पण मांस नसलेलं खाणं करील, त्याला सरकारातून हुलग्याची पोती मिळतील. खाणं पसंत पडलं तर शिकार कायमची बंद. आणि योजना चालू आहे तोवर कुणी पळायचं नाही. पळाला तर तो सरकारी कामात अडथळा.

खात्यावर तरसाला नेमलं. त्याला मांसातला अनुभव दांडगा.

आता त्या जंगलात धोंडबा नावाचा एक म्हातारा ससा होता. शिकला दुसरीपर्यंत, त्यातही पहिली दोनदा. म्हणजे माझ्याइतकाच. आणि दोन बुकं शिकलेल्याला जी खाज सुटते तीही त्याला होती. अर्ज लिहायची.

त्याची सून सगुणा हुलग्याच्या वड्या करायची. भिजवून, मोड आणून, दगडावर वाटून, खडकावर वाळवून. गवत संपलं की तिची पोरं त्याच वड्यांवर उन्हाळा काढायची.

"सूनबाई," धोंडबा म्हणाला, "तुझी वडी मी सरकारात पाठवतो."

"पाठवा मामंजी. शिकार बंद झाली तर कुणाला नकोय? पण लिहाल ते नीट लिहा. वडी हुलग्यासारखी लागते, पोरं पोटभर खातात. बस."

एवढंच लिहिणं धोंडबाला कमीपणाचं वाटलं. एवढंच लिहायचं तर दोनदा पहिली कशाला केली? त्यानं लिहिलं, 'सदर वडी हुबेहूब सशासारखी लागते. खात्री नसल्यास ताडून पाहावे, ही नम्र विनंती.' खाली पंजा उमटवला आणि दिवसभर तो पंजा कुणाला पुसू दिला नाही.

पहिली बैठक भरली. मांडव घातला. निम्मी पोती उद्घाटनातच संपली. वाघानं वडी खाल्ली. म्हणाला, "बरी आहे. पण सशासारखी आहे का?"

तरस म्हणाला, "सरकार, अर्जातच लिहिलंय. ताडून पाहावे."

वरच्या बिळातल्या भिवाला बोलावणं गेलं. त्याला वाटलं, आपला सत्कार आहे. गळ्यात फुलं घालून आला बिचारा.

वाघानं तोंड पुसलं. "नाही बुवा. ससा वेगळा लागतो. सुधारणा करा."

आठ दिवसांनी पुन्हा बैठक. वाघ म्हणाला, "मागच्या सशाची चव आता जिभेवर राहिली नाही." मग ताजा नमुना आणला. पुढच्या खेपेला तरसानं नियमच केला, की अर्जात जे लिहिलंय त्याचाच नमुना घ्यायचा, आणि अर्ज तीन प्रतींत असतो, तसा नमुनाही तीन प्रतींत हवा. एक महाराजांना, एक खात्याला, आणि एक कार्यालयात ठेवायला. कार्यालयात ठेवलेला कधी कुणाला दिसला नाही.

धोंडबाला सल्लागार केलं. बसायला सपाट दगड दिला. त्यावर बसून तो बाकीच्या सशांना दटावायचा, "अरे, थोडा त्याग करायला शिका! एकदा मान्यता मिळाली की शिकार कायमची बंद!"

"तोवर शिकार व्हायला उरणार कोण, मामंजी?" सगुणानं विचारलं.

"तुला धोरणातलं काय कळतंय?"

चौथ्या बैठकीचं पत्र आलं. नमुना म्हणून सगुणाचं नाव. वडी करणारीच समोर असली म्हणजे तुलना अचूक होते, असं खात्याचं मत.

धोंडबानं पत्र तीनदा वाचलं. उलटं धरूनही वाचलं. मग धावत तरसाकडे गेला.

"साहेब, तिची पोरं लहान आहेत. तिच्याऐवजी मला घ्या."

तरसानं त्याची मांडी चिमटून बघितली. "धोंडबा, तू चिवट. तुझ्याशी ताडली तर वडी नापास व्हायची."

"मग मी अर्ज मागं घेतो."

"घे की," तरस हसला. "तोही तीन प्रतींत."

धोंडबा घरी आला आणि सगुणासमोर मान खाली घालून बसला. सगुणा म्हणाली, "आता बसू नका. मी सांगते ते लिहा. दुरुस्ती आहे म्हणावं. 'सदर वडी हुलग्यासारखी लागते.'"

"आणि?"

"आणि काही नाही. खबरदार एक अक्षर जास्त लिहाल तर!"

धोंडबाला आयुष्यात इतकं कमी लिहिणं कधी इतकं जड गेलं नव्हतं.

बैठकीत तरसानं दुरुस्ती वाचली आणि त्याचं तोंड उतरलं. सगुणा मांडवाच्या दाराशी उभी होती. वाघानं तिच्याकडे बघून जीभ फिरवली. "चला, ताडून पाहू."

"सरकार," तरस पुटपुटला, "अर्जात जे लिहिलंय त्याचाच नमुना घेता येतो. आता तिथं हुलगे आहेत."

नियम त्यानंच केलेला. वाघाला कोरडे हुलगे चावावे लागले. तेही तीन प्रतींत. दुसऱ्या प्रतीला दाढ हलली.

"हुबेहूब हुलगे!" वाघ गुरगुरला. "हुलग्याला पर्याय मागितला होता का मी? अर्ज नामंजूर! योजना बंद!"

योजना बंद म्हणजे शिकार सुरू. आणि शिकार सुरू म्हणजे पळायला मोकळीक. सगुणा पळाली. तिच्या मागं धोंडबा पळाला. वाघ झुडपापर्यंत आला आणि धापा टाकत बसला.

पंधरा दिवसांत एखादा ससा जातो तो अजून जातोच. पण बिळं पुन्हा भरली. खडकावर वड्या वाळतात, पोरं त्या पोटभर खातात, आणि त्यांना मान्यता नाही हे पोरांना ठाऊकही नाही.

परवा हरणांचा म्हातारा आला होता. खातं आता त्यांच्याकडे गेलंय, अर्ज लिहून द्या म्हणाला. धोंडबाचे कान टवकारले. पण सगुणानं त्याच्यादेखत लेखणी कुरतडून खाल्ली.

तात्पर्य : खरं तेवढंच लिहावं, म्हणजे अर्ज नामंजूर होतो आणि जीव वाचतो. हे ज्याला जमत नाही त्यानं निदान चिवट तरी व्हावं. मी दुसरं केलं.