मंगळवारचा रविवार

आमच्या लाँड्रीत डोकं वापरणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. हे मी स्वतःच सांगतोय, पण नाइलाजाने. दुसरं कुणी सांगत नाही!

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. तीन हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आमच्याकडे धुवायला येतात. मी तिथला सुपरवायझर, कायम नोकरीतला. धुणारे, इस्त्री करणारे आणि घड्या घालणारे अकरा जण मात्र रोजंदारीवर. त्यांची पुढारी आक्का.

एका सोमवारी आक्का मालकांपुढे उभी राहिली. शनिवार-रविवारी हॉटेलांतून चादरींचे डोंगर येतात, घरची माणसं सुट्टीवर आणि आम्ही इथे वाफेत, तेव्हा त्या दोन दिवसांची मजुरी दीडपट हवी, असं तिचं म्हणणं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. विंचू मारायचा तो दुसऱ्याच्या हाताने, हे त्यांचं जुनं धोरण.

मला लगेच युक्ती सुचली. सुट्टीच्या दिवसाला जादा पैसे हवेत ना? मग सुट्टीचा दिवसच हलवू! मंगळवार-बुधवारी आमच्याकडे काम नावापुरतं असतं, त्या दिवशी कुणाला बोलवायचंच नाही. मी नोटीस लावली, 'येत्या आठवड्यापासून या लाँड्रीत रविवार मंगळवारी व शनिवार बुधवारी येईल. दीडपट मजुरी फक्त त्या दोन दिवसांच्या कामाला मिळेल.' खाली सही, शिक्का. मालक इतके खूश झाले की त्यांनी चक्क स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

आक्काने नोटीस दोनदा वाचली आणि बरं म्हणाली. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणे, आक्का इतक्या सहज बरं म्हणाली असेल तर सांभाळून राहा. नवऱ्याचं कौतुक करणं तिच्या जिवावरच येतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

पुढचे शनिवार-रविवार साध्या मजुरीत पार पडले. मी हवेत होतो. मंगळवारी सकाळी मोठ्या हॉटेलातून फोन आला. गच्चीवरची टाकी फुटून तिच्यातल्या गाळाने बेचाळीस खोल्यांतलं कापड माखलं होतं. संध्याकाळपर्यंत धुऊन द्या, नाहीतर उद्यापासून दुसरी लाँड्री बघतो, असा निरोप. आणि आमचं अर्धं पोट त्या एका हॉटेलावर!

गाठोडी उतरली. नोटिशीप्रमाणे सुट्टी, म्हणून लाँड्रीत माणसं दोनच, मी आणि मालक. मी आक्काला फोन लावला.

"आक्का, सगळ्यांना घेऊन लगेच या."

"साहेब, आज रविवार आहे."

"अहो, मंगळवार आहे!"

"बाहेर असेल. लाँड्रीत रविवार आहे, तुमचीच सही आहे. यायचं तर दीडपट."

मालक नाही म्हणाले. मग आम्हीच कंबर कसली. साबण किती घालायचा ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून थोडा जास्तच घातला. दहा मिनिटांत फेस दारातून बाहेर पडून रस्ता ओलांडायला निघाला. चादरीची घडी घालताना मी उजवीकडे वळलो की मालक डावीकडे वळत. शेवटी चादरीत मालकच गुंडाळले गेले, नाक तेवढं बाहेर. तिथूनच त्यांनी दीडपट कबूल केली.

मी पुन्हा फोन केला. आक्का म्हणाली, येतो, पण परवाच्या रविवारचेही दीडपट हवेत, कारण तो साऱ्या जगाचा रविवार होता. मालक चादरीतून सुटेपर्यंत तेही कबूल झालं.

अर्ध्या तासात अकराही जण हजर! संध्याकाळी हॉटेलची गाडी भरून गेली. नोटीस मालकांनी स्वतः फाडली आणि खऱ्या शनिवार-रविवारची दीडपट मजुरी कायमची ठरली. मला बरंच वाटलं. आक्काच्या हातांवरचे वाफेचे चट्टे मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिले होते, आणि मनात लाजलो होतो.

मग मी हळूच माझ्या मंगळवारच्या जादा कामाचं विचारलं. मालक म्हणाले, "तुम्ही कायम आहात. कायम माणसाला जादा वेळ कसला?"

हिशेब केला, तर आता आक्का महिन्याला माझ्यापेक्षा जास्त घरी नेते. म्हणून परवा मी अर्ज केला, मला रोजंदारीवर घ्या. मालकांनी तो आक्काकडे पाठवला. तिने माझ्याकडून एक चादर घडी करून घेतली, निरखली, उलगडून ठेवली आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "साहेब, सध्या जागा नाही हो."

फाटकावर 'दोन माणसे पाहिजेत' अशी पाटी आहे. मीच लिहिलेली.